पर्वरीत भाड्याचे घर आवाक्याबाहेर

महोदय,

पणजीत नोकरी करायची आणि मांडवीपलीकडे पर्वरीत भाड्याने राहायचे, ही मध्यमवर्गीयांची जुनी रीत आता परवडेनाशी झाली आहे. आमच्या दोन बेडरूमच्या सदनिकेचे भाडे २०१९ मध्ये १४ हजार रुपये होते; यंदा अकरा महिन्यांचा करार संपताच घरमालकांनी २८ हजार रुपये आणि वर सहा महिन्यांची अनामत मागितली. शेजारची सदनिका दाराला आकड्यांचे कुलूप बसवून पर्यटकांना दिवसाच्या दराने दिली जाते, त्यामुळे दर शुक्रवारी जिन्यात नव्या बॅगा दिसतात. एवढी कमाई महिन्याच्या भाड्यातून होत नाही, हे मालकांचे गणित मला कळते. पण गावात राहणाऱ्यांनी जायचे कुठे?

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. राज्य सरकारने निदान ती तरतूद येथे लागू करावी आणि पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सदनिकांची पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का, हे इमारतींत प्रत्यक्ष येऊन तपासावे. मुलीची शाळा आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. पुढच्या महिन्यात आम्हाला म्हापशापलीकडे घर शोधावे लागणार आहे.

— एक भाडेकरू, पर्वरी