सूचना: शनिवारच्या सोलो शोला यायच्या आधी वाचा

मंडळी, शनिवारी आपल्या ग्रुपमधल्या ताईंचा पहिला सोलो शो, म्हणजे फक्त त्यांच्याच चित्रांचं प्रदर्शन आहे, विषय डोळा आणि मेंदू मिळून आपल्याला कसं गंडवतात हा, तर येणाऱ्यांनी जरा लक्ष द्या. शेवटची खोली जवळपास अंधारी ठेवलीय, तिथं जाऊन "काहीच दिसत नाही" म्हणून लगेच बाहेर पडू नका, डोळे अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मग तिथल्या चित्रातला लाल काळपट पडतो, निळा उजळ वाटायला लागतो, रंग तेच असतात बरं का! मोबाईल बाहेरच ठेवा, एकानं जरी स्क्रीन लावली की सगळ्यांची मेहनत पाण्यात.

लाल चौकोनावर अर्धा मिनिट नजर रोखून मग शेजारच्या कोऱ्या भिंतीकडे बघा, हिरवट-निळा चौकोन तरंगताना दिसेल. तो रंगवलेला नाहीये, उगाच बोट लावून बघू नका.

एका भिंतीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आहेत, ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायली १९६० च्या दशकात करायच्या तशा, मायग्रेन किंवा फिटचा त्रास असलेल्यांनी तिकडे जाऊच नका. फोटोत यातलं काही नीट येत नाही, त्यामुळे नंतर "फोटो टाका ना" नको. अंधाऱ्या खोलीत एका वेळी सहाच जण, म्हणून कोण येतंय ते उद्यापर्यंत इथंच कळवा.