मागे पडलं तरी चालतं

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस की एकटी गेलीस तर निदान हळू जाशील, घोळक्यात चढाओढ लागते. तुझं अगदी बरोबर आहे. गटाने मोटरसायकल चालवताना सर्वांत मोठा धोका असतो तो मागे पडण्याच्या भीतीचा. आमची सगळी व्यवस्था ती भीती काढून टाकण्यासाठीच आहे, म्हणून ती नीट लिहून कळवते.

येत्या शनिवारी नऊ गाड्या पुण्याहून निघतील. कापूरहोळला हायवे सोडून भोर, आंबवडे, मग आंबाडखिंडीचा घाट चढून मांढरदेवी आणि पलीकडे वाईला उतरायचं. येताना सुरूरला हायवे. सगळं मिळून २०० किलोमीटरच्या आतबाहेर, त्यातला नागमोडी भाग भोर ते वाई. रविवार मुद्दाम टाळलाय. मंगळवार, शुक्रवार, रविवार मांढरदेवीच्या काळूबाईला गर्दी असते, आणि पौषातल्या जत्रेत तर या वाटेला फिरकूच नये.

आता चढाओढीचं. गाड्यांची रांग रबरासारखी ताणली जाते. पुढचा वळण संपवून ४० वरून ५० ला गेला की नववा अजून वळणातच असतो. अंतर भरून काढायला त्याला ६०-७० ने पळावं लागतं, तेही न दिसणाऱ्या वळणांवर. अपघात होतो तो बहुधा या शेपटाकडच्याचा. म्हणून नऊजणांचे दोन गट, चार आणि पाच, मध्ये काही मिनिटांचं अंतर. नवा चालवणारा नेहमी लीडच्या, म्हणजे सर्वांत पुढे असणाऱ्याच्या, लगेच मागे. त्याला झेपेल तोच सगळ्यांचा वेग. सर्वांत अनुभवी माणूस शेवटी, त्याला आम्ही स्वीप म्हणतो. नारिंगी जाकीट त्याचंच, हत्यारं आणि प्रथमोपचाराची पेटीही त्याच्याकडे.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मार्कर. जिथे रस्ता फुटतो, तिथे लीडच्या मागचा दुसरा, म्हणजे रांगेतला तिसरा, माणूस कडेला सुरक्षित जागी थांबतो आणि हाताने दिशा दाखवत राहतो. नारिंगी जाकीट दिसलं की तो स्वीपच्या पुढे रांगेत शिरतो. पुढच्या फाट्यावर दुसरा कुणी थांबतो. त्यामुळे पुढची गाडी नजरेआड झाली तरी कुणी चुकत नाही. मार्कर नसेल तर सरळच जायचं, इतकं सोपं. घाटात फोनच्या रेंजचा भरवसा नसतो, खुणेच्या दगडासारखा उभा हा माणूस मात्र कधी दगा देत नाही.

सरळ रस्त्यावर एक उजवीकडे, एक डावीकडे अशी रांग. आपल्याच रेषेतल्या पुढच्या गाडीपासून किमान २ सेकंदांचं अंतर. वळणं सुरू झाली की मात्र एकामागे एक, कारण प्रत्येकाला लेनची पूर्ण रुंदी लागते. बाबा, तुम्ही विचारलं होतं, वळणात कुठून चालवता? डाव्या आंधळ्या वळणावर लेनच्या मध्यापासून थोडं उजवीकडे, म्हणजे पुढचं लवकर दिसतं. पण समोरून काही आलं की लगेच डावीकडे सरता येईल इतकंच. उजव्या वळणावर मधल्या रेषेपासून लांब. तिथे गाडी उजवीकडे कलते. चाक आपल्या हद्दीत असलं तरी डोकं आणि खांदा रेषेपलीकडे जातात, आणि नेमकं तिथूनच वळण कापत एखादी जीप येते. रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात त्या टोकावर नजर ठेवायची. ते टोक जवळ येतंय, म्हणजे वळण आवळतंय, वेग कमी. लांब सरकतंय, तर वळण सुटतंय. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात ॲक्सिलरेटर एकसारखा. दरीकडे किंवा खड्ड्याकडे टक लावली की गाडीही तिकडेच जाते, म्हणून नजर जायचं तिकडेच.

हेअरपिनवर, म्हणजे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो त्या वळणावर, गाड्या पडतात त्या वेगाने नव्हे, थांबल्यामुळे. वळणाच्या आतल्या बाजूला उतार इतका असतो की पाय टेकायला जावं तर जमीनच लागत नाही, आणि १८०-२०० किलोची गाडी जागच्या जागी आडवी होते. म्हणून पहिल्या गिअरमध्ये, शक्य तितक्या बाहेरच्या अंगाने. समोरून एसटी येत असेल तर वळणाच्या अलीकडेच थांबायचं, तिला अख्खा रस्ता लागतो. आपण उतरत असलो तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा नियमच आहे.

भोरकडून चढणारी बाजू उत्तरेची, तिथे हिवाळ्यात ऊन उशिरा पोचतं. सावलीतल्या वळणांवर दव आणि ओला पालापाचोळा असतो, म्हणून घाटाला दहाच्या आधी हात घालायचा नाही. पलीकडे वाईच्या अंगाला उसाचे ट्रॅक्टर. रस्त्यावर पडलेलं कांडं चाकाखाली रुळासारखं फिरतं. ते ओलांडताना गाडी सरळ, ब्रेकला हात नाही.

बाबा, उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायची तुमच्या पिढीची सवय आता उपयोगाची नाही. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल आपोआप तुटतं, आणि इंजिनच गाडी धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर डिस्क तापते, ब्रेक ऑइलमध्ये मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर स्पंजासारखा आत जातो. म्हणून ते ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं. माझ्या गाडीचं नुकतंच बदलून घेतलंय. ब्रेक पॅड, साखळीचा ताण, ब्रेकचा दिवा शुक्रवारी पाहीन. टायरची हवा मात्र शनिवारी निघण्यापूर्वी, टायर गार असताना. थोडं अंतर चालवून मोजली की आकडा फुगलेला येतो.

स्वीपच्या पेटीत क्लचची आणि ॲक्सिलरेटरची जादा वायर, फ्यूज, प्लग, ट्यूबलेसचं पंक्चर किट, तार-स्पोकच्या गाड्यांसाठी ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि मागच्या चाकाचा मोठा पाना. हा पाना विसरला तर बाकी सगळं असून चाक निघत नाही.

भोरला नाश्ता, वाईला साधं जेवण. जड जेवलं की दुपारी हायवेवर डोळे मिटतात. डिसेंबरात सहाला अंधारतं, म्हणून वाईहून तीनच्या आत निघायचं ठरलंय.

भोरहून निघताना आणि वाईला पोचल्यावर फोन करीन. मधल्या दोन-अडीच तासांत फोन लागला नाही तर घाबरू नका, तो बॅगेत असेल. स्वीपचा नंबर आजच पाठवते, तो कागदावर लिहून देवघराच्या भिंतीला चिकटवून ठेवा. आई, चटणी पाठवलीस तर सुकी लसणाची पाठव, तेलाची बाटली बॅगेत गळते.

तुमची लेक