ब्रश उचललेत त्याबद्दल, ताई

ताई,

कार्यक्रम संपल्यावर तुम्हाला गाठून बोलायचं होतं. पण तुम्ही ड्रम आवरत होतात आणि माझा घसा दाटून आला होता. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांसमोर. आपल्या जॅझ गटात वाजवणाऱ्या इतरांनीही ते वाचावं असं मनापासून वाटतं.

त्या संथ बॅलडमध्ये सॅक्सोफोनचा सोलो संपला आणि माझी पाळी आली. सॅक्सोफोनचा भरदार आवाज विरतो न विरतो तोच गिटारचा नाजूक सूर लावायचा, ही जागा फार अवघड. माझी बोटं आधीच आखडली होती. तेवढ्यात तुम्ही स्टिक्स खाली ठेवल्यात. डाव्या पायाखालचा हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटत राहिला, लय तसूभरही हलली नाही, आणि हातात तारांचे ब्रश आले. स्नेअर ड्रमच्या कातड्यावर तारा गोल गोल फिरू लागल्या. तुमच्याकडे बघून बेसवाल्याने सूर आखूड केले. पियानोवरचा डावा हात उठला, थोड्या वेळाने उजवाही. आणि मधल्या तारेवरचा माझा सूर मला स्वतःला ऐकू आला!

आधीच्या गटात हे कधी घडलंच नाही. आवाज ऐकू येत नाही म्हटलं की तिथे एकच उत्तर मिळे: अँप्लिफायर वाढव. मी वाढवला की पियानो वाढे, पियानो वाढला की ड्रम. म्होरके प्रत्येक तालमीत एकमेकांना ऐकण्यावर भरभरून बोलत आणि आपला सोलो झाला की दुसऱ्याच्या सोलोवर खुशाल वाजवत राहत. वर माझ्या हातात दम नाही, हे चारचौघांत सुनावलं गेलं. ते शब्द अजून सलतात. दम हातात असून काय उपयोग, जागाच मिळत नसेल तर?

पियानो आणि गिटार ही दोन्ही कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, वाजवणारी वाद्यं. दोघांनी एकाच वेळी भरगच्च कॉर्ड दिले की ते एकमेकांवर आदळतात आणि सोलो करणारा मध्ये चेंगरतो. अमेरिकन जॅझ पियानोवादक काउंट बेसींच्या बिग बँडमध्ये, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदात, फ्रेडी ग्रीन 1937 साली आले आणि 1987 मध्ये निधन होईपर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, त्याच बँडमध्ये गिटार वाजवत राहिले. सोलो जवळजवळ नाहीच. अँप्लिफायरशिवायची गिटार, दोन-तीन सुरांचे आटोपशीर कॉर्ड आणि चारही मात्रांवर तोच नेमका ठोका. बेसींनीही पियानोवर मोजकंच वाजवून त्यांना वाट दिली. ड्रमवर जो जोन्स, बेसवर वॉल्टर पेज. जोन्स यांनी ठेक्याचा भार पायाने वाजणाऱ्या मोठ्या बेस ड्रमवरून हाय-हॅटवर नेला, म्हणूनच त्या चौघांची लय इतकी हलकी वाटते. या रेकॉर्ड मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. पण ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या गदारोळातसुद्धा त्या गिटारला जागा कशी मिळायची, हे त्या दिवशी तुमच्यामुळे उमगलं. ती जागा बाकीचे देत होते.

तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. नोटेशनवर तसं लिहिलेलं नव्हतं. ब्रश उचलल्याबद्दल श्रोते टाळ्याही वाजवत नाहीत. जोरात वाजवून वाहवा मिळवायची पुरेपूर संधी तुमच्यापाशी होती आणि ती तुम्ही सहज सोडून दिलीत. मोठ्या कलाकारांच्या करामतींवर आपण तासन्‌तास बोलतो, पण शेजारच्याचं ऐकून आपला हात आवरणारी माणसं कुणाच्या गप्पांत येत नाहीत. गट उभा राहतो तो अशाच माणसांच्या जिवावर.

आणखी एक. शेवटी आपण चार-चार बारची (मात्रांच्या आवर्तनांची) देवाणघेवाण केली, आळीपाळीने वाजवलं, तेव्हा माझ्या ओळीचा शेवटचा तुकडा तुम्ही स्नेअरवर जसाच्या तसा उचललात आणि तिथून पुढे गेलात. मी काय वाजवलं ते कुणीतरी नीट ऐकलं होतं!

मनापासून आभार, ताई. पुढच्या तालमीला मी लवकर येतोय, ड्रमचा सेट लावायला हात द्यायला. नको म्हणू नका.

तुमचा,
गिटारवाला