साचेखात्यातली कुजबुज

भांडुप, मुंबई

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही दोघांनी मिळून मला इतके प्रश्न विचारलेत आणि त्यातलं एकही उत्तर बाबांपर्यंत धड पोचलं नाही, म्हणून हे पत्र. मावशीने तुम्हाला सांगितलं की तुमची लेक रविवारी रात्री मोबाइलवर अनोळखी लोकांत बसून गोष्टी करते. वाक्य खरं आहे, पण ऐकायला भलतंच वाटतं.

आम्ही कथा लिहिणारे वीसेक जण आहोत. सगळे हौशी, लिहिण्यावर कुणाचंच पोट नाही. लातूरच्या एक अंगणवाडीताई आहेत, नागपूरला औषधांच्या दुकानात बसणारा एक पोरगेला मुलगा आहे, अबूधाबीत पाइपलाइनचं काम बघणारा एक इंजिनिअर आहे, इचलकरंजीचे एक काका आहेत ज्यांची सगळी हयात मागावर गेली, आणि मुंबईतले आम्ही पाच-सहा. बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. दर रविवारी दोघांच्या कथा घ्यायच्या. त्या गुरुवारपर्यंत सगळ्यांकडे पोचलेल्या असतात, वाचून यायचं असतं. मग एकेकाने बोलायचं आणि ज्याची कथा त्याने तोंड उघडायचं नाही. ‘अहो, मला तिथे असं म्हणायचं होतं’ हे चालत नाही, कारण उद्या कथा छापून आली तर आपण काय वाचणाऱ्याच्या घरी समजवायला जाणार आहोत? सगळ्यांचं झालं की मग लेखकाला बोलायला मिळतं. ही शिस्त आमच्या डोक्यातली नाही. अबूधाबीवाल्याने सांगितलं की १९५६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मिल्फर्ड नावाच्या गावात विज्ञानकथा लिहिणारे एकत्र जमले होते, त्यांची ही पद्धत. आम्ही त्यात एक भर घातली आहे. ‘छान’ किंवा ‘अप्रतिम’ म्हटलं की दहा रुपये दंड. आवडलं तर काय आवडलं ते सांगा, आणि वाचताना कुठे कंटाळा आला ती ओळ दाखवा. सुरुवातीला काही जण आले, स्वतःची कथा वाचून घेतली, दोन खरे शब्द ऐकले आणि पुन्हा फिरकले नाहीत. त्यांची आठवण काढून आम्ही अजून हसतो. हे काही चांगलं लक्षण नव्हे, पण हसतो खरे.

दंडाच्या पैशातून दिवाळी अंक घेतो आणि पोस्टाने या गावाहून त्या गावाला फिरवतो. आई, लालबागला तू वाचनालयातून अंक आणायचीस आणि चाळीतल्या चार खोल्यांत फिरून तो परत यायचा, तसंच. मराठीतला पहिला दिवाळी अंक ‘मनोरंजन’चा, १९०९ सालचा, काशिनाथ रघुनाथ मित्रांनी काढलेला. मला हे आत्ता आत्ता कळलं. तुला बहुतेक माहीत असणार.

आता बाबांचा पहिला प्रश्न, पैसे किती मिळतात. काही नाही. दिवाळी अंकाने कथा घेतली तर मानधन येतं, ते थोडं असतं आणि सावकाश येतं. नाही घेतली तर पूर्वी ‘साभार परत’ची चिठ्ठी यायची, आता तीही येत नाही. उलट पैसे मागणारेच जास्त भेटतात. एखादी कथा कुठे छापून आली की फोन सुरू होतात, ‘मॅडम, एवढे हजार भरा, पुस्तक काढून देतो, सत्कार करतो.’ आमच्यातल्या एकीने भरले होते. छापलेले गठ्ठे तिच्या पलंगाखाली आहेत. तेव्हापासून कुणालाही असा फोन आला की तो आधी सगळ्यांना सांगतो. गटाचा एवढा उपयोग तरी नक्कीच आहे.

दुसरा प्रश्न, कुणी तुझी गोष्ट चोरली तर? बाबा, कायदा आपल्या बाजूचा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने कथा लिहिली की तिच्यावर लिहिणाऱ्याचा हक्क आपोआप येतो, नोंदणीची सक्ती नाही. आणि तो हक्क लिहिणारा असेपर्यंत आणि तो गेल्यावर पुढे ६० वर्षं राहतो. म्हणजे नातवाने बारावीत दिवे लावले नाहीत तरी आजीचा वारसा म्हणून त्याच्या मुलांना माझ्या कथा मिळतील! शिवाय कथा ज्या दिवशी सगळ्यांना पाठवते त्या दिवसाची तारीख वीस जणांच्या मोबाइलमध्ये राहते. यापेक्षा चांगले साक्षीदार कुठे मिळणार.

आई, तुझी तक्रार झोपेची. ती एका नोव्हेंबरापुरती खरी होती. एका महिन्यात ५० हजार शब्दांची कादंबरी लिहायची असा एक खेळ १९९९ साली अमेरिकेत २१ जणांनी सुरू केला, पुढे तो जगभर गेला. तो चालवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये गाशा गुंडाळला, पण त्याआधी २०२४च्या नोव्हेंबरात आम्हीही हौस करून घेतली. रोजचे साडेसोळाशेच्या वर शब्द होतात. त्या वर्षी भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती. फराळ, पाहुणे, ऑफिस आणि वर साडेसोळाशे शब्द! मी अर्ध्यात सोडलं आणि मला जराही वाईट वाटलं नाही. आता लिहिणं गाडीतच होतं. भांडुपहून सीएसएमटीची स्लो पकडली की बसायला मिळो न मिळो, मोबाइल हातात. रोजच्या डब्यातल्या बायकांना आधी वाटायचं मी कुणाला तरी लांबलचक मेसेज करते. कुर्ल्याला चढणाऱ्या एकीने शेवटी विचारलंच, ‘घरी भांडण चाललंय का?’

रविवारी रात्री खिचडी तुमचे जावई करतात. तिखट जास्त होतं, मी बोलत नाही.

आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं ते. मी गिरणीवर कथा लिहिते आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांच्या १९८२च्या संपावर. नायक साचेवाला आहे, साच्यावर म्हणजे मागावर कापड विणणारा, तेव्हाच्या तुमच्याएवढाच, तिशीचा. पहिला खर्डा रविवारी घेतला तेव्हा लातूरच्या ताई पहिल्या बोलल्या, ‘संपावरच्या प्रत्येक कथेत बायकोचं मंगळसूत्र गहाण पडतं, तुमच्याही पडलं. तुमच्या आईने खरंच काय केलं होतं?’ नागपूरच्या मुलाचा जन्म दोन हजार सालानंतरचा. त्याला प्रश्न पडला की हा संप संपला कधी? १८ जानेवारीला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हे मी कथेत लिहिलं होतं. संपला कधी ते नव्हतं लिहिलं, कारण तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. शेवटी बोलायला मिळालं तेव्हा मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, ‘मग ताई, तुमच्या कथेचा शेवट कसा करणार?’ पोरगा गोळ्या विकतो, पण प्रश्न बघा.

आणि मग इचलकरंजीचे काका बोलले. काका फारसं बोलत नाहीत, बोलतात तेव्हा आम्ही सगळे मोबाइलचा आवाज कमी करतो. ते म्हणाले, ‘ताई, तुमचा माणूस साच्यावर उभा राहून जोडीदाराच्या कानात संपाची बातमी कुजबुजतो. चालू मागांच्या शेडमध्ये कुणी कुजबुजतं का? आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे आपटत असतो, शंभर ठिकाणी. आम्ही ओठ बघून बोलतो. नाहीतर बोंबलतो. बोंबलायची इतकी सवय होते की घरी आल्यावर बायको म्हणते, आता मी बहिरी नाही.’

नियमाप्रमाणे मला गप्प बसायचं होतं. नियम नसता तरी मी गप्पच बसले असते. बाबा, तुमचा आवाज! मीठ मागितलंत तरी शेजारच्या तीन खोल्यांना कळायचं. मी आणि दादा पुस्तकं उघडून भिंतीला टेकून बसायचो, बाबा रागावलेत असं धरून. गिरणी सुटली, तुम्ही वॉचमनची ड्युटी धरलीत, तरी आवाज तोच. आणि समोरचा बोलत असला की त्याच्या डोळ्यांत न बघता तोंडाकडे बघायची तुमची सवय. माझ्या लग्नाच्या बोलणीत सासूबाईंनी ती बरोबर टिपली होती. त्यांना वाटलं तुम्ही त्यांचे दात बघताय. इतकी वर्षं मी याला तुमचा स्वभाव म्हणत आले आणि इचलकरंजीच्या एका माणसाने, ज्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, माझ्या कथेतली एक चुकार ओळ पकडून मला तो उलगडून दाखवला.

म्हणूनच तुम्हाला समोरासमोर बोललेलं कळतं आणि फोनवर अर्धं जातं. फोनला ओठ नाहीत. मोठ्या आवाजात काम केल्याने येणारा बहिरेपणा कामामुळे होणाऱ्या रोगांच्या कायद्यातल्या यादीतही आहे, वयाचं दुखणं म्हणून सोडून द्यायचं कारण नाही. गणपतीला येईन तेव्हा रत्नागिरीला कानाच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. आई, हे त्यांना तू सांग, तुझं ऐकतात.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी दादर पूर्वेला, नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसले. १८९८ची संस्था. संपावर वाचायला घेतलं की मागण्या सापडतात, आकडे सापडतात, पुढाऱ्यांची भाषणं सापडतात. कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळेल म्हणून बदलीवाला पहाटे गेटवर उभा राहायचा तेव्हा त्याच्या पोटात काही असायचं का, ते कुठेच लिहिलेलं नाही. ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा बाबा, खालच्या गोष्टी मला सांगा, शुद्धलेखनाकडे बघू नका.

तुम्ही कायम होण्याआधी बदलीत किती दिवस काढलेत? आज काम नाही म्हणून सांगायचा तेव्हा काम वाटणारा जॉबर काय शब्दांत सांगायचा? परत घरी यायचात की कुठे थांबायचात? एका माणसाकडे साचे दोन की चार? ओठांवरून बोलायचात म्हणजे सगळंच, की हातांच्या खुणाही होत्या? पाणी, बिडी, साहेब आला, धागा तुटला, या खुणा कशा करायचात, तेवढं जरूर लिहा. रातपाळीहून आल्यावर झोप कशी लागायची, खोलीत आम्ही दोन पोरं आणि खाली गणेशोत्सवाची तालीम असताना? आणि संपाची बातमी तुम्हाला पहिल्यांदा कुठे, कुणाच्या तोंडून कळली? तुम्ही त्या दिवशी पाळीत होतात का, हे मी कधी विचारलंच नाही.

आई, तुझ्याकडे परवानगी मागायची आहे. मंगळसूत्र काढून टाकलं मी कथेतून. तिथे मला तुझं साड्यांचं फॉल-बीडिंग घ्यायचं आहे. तू दिवा वाचवायला गॅलरीत कठड्यापाशी उजेडात बसायचीस, आणि कुणी ओळखीचं जिना चढताना दिसलं की साडी पदराखाली घ्यायचीस, एवढं मला आठवतं. साडीमागे काय मिळायचं, काम कोण आणून द्यायचं, ते नाही आठवत. ‘घरातलं चव्हाट्यावर कशाला’ असं तू म्हणशील, मला माहीत आहे. नावं सगळी बदलली आहेत, चाळ लालबागची काढून शिवडीला नेली आहे. तरीही ते पान आधी तुला पाठवते. तू नको म्हणालीस तर ते कुणाला दिसणार नाही, आणि मी का म्हणून विचारणारही नाही. पण हो म्हणालीस तर त्या बाईने साडी पदराखाली का घेतली ते तूच मला सांग. मी खर्ड्यात ‘लाज वाटली म्हणून’ असं लिहिलंय. लातूरच्या ताई म्हणतात, एवढं साधं नसणार.

माझी कथा पुन्हा येत्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी आहे. पत्राला वेळ लागेल, तेव्हा वहीत लिहून शेजारच्या मुलाला मोबाइलवर फोटो काढून पाठवायला सांगा. अक्षर मोठं काढा, गाडीत वाचायचं आहे. बाबांच्या बीपीच्या गोळ्या कुरिअरने निघाल्या आहेत. पाकिटावरची तारीख बघून घ्या आणि जुन्या आधी संपवा.

तुमची,
लेक