आधी लॉग वाचा, मग फॉरमॅटचे बोला

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिचोली तालुक्यातील एका लहान वाचनालयाच्या संगणकाची देखभाल मी हौसेखातर करतो. आमच्या पुस्तकांची यादी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या प्रणालीत आहे. ती ब्राउझरमधून हाताळता यावी म्हणून चतुर्थीच्या सुटीआधी आम्ही त्यावर ‘पीएचपीमायअॅडमिन’ हे साधन बसवले आणि पुढचे चार दिवस पडद्यावर ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’ याखेरीज काहीच दिसेना. त्या चार दिवसांत जे सल्ले मिळाले, त्यांच्यामुळे हे पत्र लिहितो आहे.

दुरुस्तीसाठी बोलावलेल्या गृहस्थांनी संगणक न उघडताच ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगितले. मदतीला येणाऱ्या एका विद्यार्थ्याने फोल्डर रिकामा करून तेच साधन तीनदा नव्याने बसवले आणि तरीही जमेना, तेव्हा कुणाच्या तरी फोनवरील सांगण्यावरून सगळ्या फाइलींना ‘७७७’ परवानगी देऊन टाकली, म्हणजे त्या कोणालाही वाचता, लिहिता आणि चालवता येतील अशा करून ठेवल्या. कार्यकारिणीतील ज्येष्ठ मंडळींना तर पुस्तकांची यादीच गेली असे वाटले. वास्तविक पीएचपीमायअॅडमिन ही डेटाबेसमध्ये डोकावण्याची नुसती खिडकी आहे. ती उघडेना म्हणून आतील एकही नोंद हलत नाही, आणि फॉरमॅट केला असता तर मात्र सगळ्याच नोंदी गेल्या असत्या.

गंमत अशी की उत्तर कुठे शोधायचे हे त्या पानावरच लिहिलेले होते. अपाचे या, ब्राउझरला पाने पुरवणाऱ्या सर्व्हरचे ५०० चे पान प्रथम सर्व्हरच्या अॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधायला सांगते (आमच्याकडे तो मीच!), आणि शेवटच्या ओळीत अधिक माहिती सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये, म्हणजे बिघाडांच्या नोंदवहीत मिळू शकेल असे सुचवते. ५०० हा आकडा म्हणजे ‘माझ्या बाजूला काहीतरी बिघडले आहे’ एवढीच सर्व्हरची कबुली असते. कारण तो पाहुण्याला सांगत नाही, लॉगमध्ये लिहून ठेवतो. आमच्या संगणकावरील उबुंटू या कार्यप्रणालीत ही ‘एरर.लॉग’ फाइल ‘व्हार’मधील ‘लॉग’ फोल्डरात, ‘अपाचे२’ या उपफोल्डरात असते. एका खिडकीत लॉगची शेवटची ओळ उघडी ठेवून दुसरीकडे पान रिफ्रेश केले, की नवी नोंद डोळ्यांदेखत उमटते.

आमच्या लॉगमधील नोंदीत ‘डॉट एचटीअॅक्सेस’ या, त्या फोल्डरापुरत्या अपाचेच्या सूचना ठेवणाऱ्या फाइलीचे नाव होते आणि पुढे ‘इनव्हॅलिड कमांड पीएचपी_व्हॅल्यू’ असे शब्द होते. मग उलगडा झाला. हे साधन ज्या पीएचपी भाषेवर चालते, तिच्यातील अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी असते आणि आमच्या यादीची फाइल त्याहून मोठी, म्हणून विद्यार्थ्याने बसवतानाच ही मर्यादा २० एमबी करणारी ओळ त्या फाइलीत घातली होती. ही आज्ञा पीएचपी अपाचेचे मॉड्यूल म्हणून चालत असेल तरच समजते. आमच्याकडे पीएचपी ‘एफपीएम’ या स्वतंत्र सेवेतून चालते, त्यामुळे अपाचेला ती ओळ अनोळखी वाटली आणि त्याने पानच नाकारले. तीनदा बसवूनही फरक का पडला नाही, तर टिंबाने सुरू होणारी फाइल लपलेली असते. ‘सगळे पुसून टाका’ या नेहमीच्या कमांडने ती पुसली जात नाही आणि फोल्डर रिकामा झाल्यासारखा दिसतो. ती ओळ काढून मर्यादा एफपीएमच्या ‘पीएचपी.आयएनआय’ या सेटिंगच्या फाइलीत घातली, ‘पोस्ट’ची (ब्राउझरने एका वेळी पाठवायच्या एकूण माहितीची) मर्यादा त्याहून थोडी जास्त ठेवली, एफपीएम पुन्हा सुरू केले आणि ५०० गेले.

त्याच्या जागी नवा संदेश आला: कॉन्फिगरेशन फाइल सर्वांना लिहिता येईल अशी नसावी! ७७७ चा हा प्रसाद. अशी उघडी फाइल हे साधन स्वतःच नाकारते, आणि ते योग्यच आहे, कारण डेटाबेसचा पासवर्डही त्या फाइलीत असू शकतो. फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४ (लिहिण्याचा हक्क फक्त मालकाला) आणि कॉन्फिगरेशनला ६४० (इतरांना वाचण्याचाही हक्क नाही) करून ती सर्व्हरच्या गटाकडे दिली, तेव्हा लॉगिनचे पान दिसले. तिथे ‘रूट’ला, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, १६९८ या त्रुटी-क्रमांकाने प्रवेश नाकारला गेला, पण तो बिघाड नव्हे. उबुंटूवर मायएसक्यूएलचा रूट पासवर्डने नव्हे, तर संगणकावरील रूट खात्याच्या ओळखीने आत येतो. अशा वेळी फक्त वाचनालयाच्या डेटाबेसपुरते अधिकार असलेले वेगळे खाते उघडावे. ५०० ऐवजी ४०३ (प्रवेश नाकारला) आला तर बहुधा अपाचेच्या प्रवेश-नियमांत आणि ५०३ (सेवा उपलब्ध नाही) आला तर एफपीएम सेवा चालू आहे का, तिथून पाहायला सुरुवात करावी.

माझी तक्रार त्या विद्यार्थ्याविषयी नाही. त्याला लॉग नावाची गोष्ट कोणी दाखवलीच नव्हती. संगणकाचे वर्ग चालवणाऱ्यांना विनंती आहे, की इन्स्टॉल कसे करावे याबरोबर ते अडल्यावर कुठे पाहावे याचाही एक तास ठेवावा. संस्थांनीही यंत्रणा बसवून देणाऱ्याचे शेवटचे बिल चुकते करण्यापूर्वी लॉगची जागा, सेवांची नावे आणि बॅकअप परत कसा चढवायचा हे मराठीत कागदावर लिहून घ्यावे. आमच्याकडे असा कागद आता संगणकाच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आहे, आणि त्याची पहिली ओळ त्या विद्यार्थ्यानेच लाल शाईने लिहिली आहे: ‘लपलेल्या फाइलीही पाहा.’

आपला नम्र,
एक वाचनालय कार्यकर्ता, डिचोली