पत्ता खोडणाऱ्या काकूंना

काकू,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, माझंही नाही. कारण तुम्हाला कळेल. तुम्हाला रोज इतकी माणसं भेटतात, त्यात मी आठवते की नाही कोण जाणे. फेब्रुवारीतला मंगळवार होता, बाहेर रस्त्याकडेला काळं पडलेलं बर्फ होतं आणि न्यू जर्सीतल्या त्या वन-स्टॉप करिअर सेंटरमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार केंद्रात, मी मुलीची शाळेची बॅग मांडीवर घेऊन बसले होते. बॅगेत आमचा दोघींचा सगळा संसार होता: पासपोर्ट, ग्रीन कार्डं, तिचे लसीकरणाचे कागद, पगाराच्या चार स्लिपा. माझा नंबर आला, मी काउंटरवर आले, तुमच्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव वाचलं आणि पोटात गोळा आला. मराठी बाई! आता हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळणार.

असं वाटलं त्याची आज लाज वाटते, पण तोवरचा अनुभवच तसा होता. नवरा मारतो हे मी आधी ज्या ज्या आपल्या माणसांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच्यापर्यंत पोचलं. एका वहिनींनी तर मला घरी बोलावलं, चहा दिला आणि अर्ध्या तासाने त्यालाच बोलावून घेतलं. "समोरासमोर बसून मिटवा." त्या रात्री घरी काय झालं, ते त्या वहिनींना कधीच कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

माझी नोकरी एका वेअरहाऊसमध्ये होती. माल तपासायचा, खोक्यात भरायचा, लेबल लावायचं. मला ते काम आवडायचं. त्याला माझी शिफ्ट पाठ होती. सुटायच्या वेळी तो पार्किंगमध्ये गाडी लावून बसायचा, इंजिन चालू ठेवून. घर सोडून शेल्टरमध्ये गेल्यावर मला लपायला हजार जागा होत्या, पण रोज दुपारी साडेतीनला मी कुठल्या दारातून बाहेर येणार हे त्याला ठाऊक होतं. सुपरवायझरला सांगितलं, तर म्हणाला, घरचं घरी ठेवा. नोकरी सोडताना ऑफिसातल्या बाईंनी फॉर्मवर 'वैयक्तिक कारण' असं स्वतःच लिहून टाकलं आणि सही घेतली. या राज्यात 2013 पासून कायदा आहे, पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अशा बाईला वीस दिवसांची बिनपगारी रजा मागता येते. आमच्याकडे दोनशे माणसं होती. एकानेही सांगितलं नाही.

मग मी फोनवर बेकारी भत्त्याचा अर्ज केला. पलीकडच्या माणसाने विचारलं, "काढलं की सोडली? एकच सांगा." मी म्हटलं, सोडली, पण... तो 'पण' त्याने ऐकलाच नाही. पत्ता लायसनवरचा घेतला. नकाराचं पत्र साहजिकच जुन्या घरी गेलं. त्याने ते फोडलं, फोटो काढला आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली लिहिलं होतं, "बघ, सरकारसुद्धा म्हणतं तूच सोडलीस."

काकू, तुमच्यासमोर येऊन बसले ती हा फोटो फोनमध्ये घेऊन. अपिलाची मुदत संपायला चार दिवस होते. मी इंग्रजीत सांगायला लागले आणि दोन वाक्यांत माझं इंग्रजी संपलं. तुम्ही खुर्ची थोडी पुढे ओढलीत आणि हळूच म्हणालात, "मराठीत सांगितलंस तरी चालेल." मी काहीच बोलले नाही. तुम्हीही पुन्हा विचारलं नाहीत. फोटो वाचलात. मग स्क्रीनवरच्या पत्त्यावर बोट ठेवून म्हणालात,

"या पत्त्यावर टपाल गेलेलं चालेल ना तुला?"

तोपर्यंत मला सगळ्यांनी सगळं विचारून झालं होतं. का मारतो? तू काय बोललीस? आधी का नाही निघालीस? मुलीचा विचार केलास का? पत्र कुठे पाठवू, हे कुणी विचारलं नव्हतं. त्या एका प्रश्नात तुम्ही सगळं समजून घेतलं होतं आणि मला एक शब्दही उच्चारावा लागला नव्हता. मी नुसती मान हलवली.

तुम्ही कॉम्प्युटरमध्ये पत्ता बदललात. एवढ्यावर काम झालं होतं. पण माझ्या कागदांच्या झेरॉक्सवरही जुना पत्ता होता, तर तुम्ही ड्रॉवरमधून काळा मार्कर काढलात आणि तो खोडलात. एकदा नाही, तीनदा. मग कागद उलटा करून ट्यूबलाइटकडे धरलात, पाठीमागून वाचता येतोय का ते बघायला. 'रोड'मधला एक गोल अजून दिसत होता. त्यावर आणखी एक रेघ ओढलीत.

काकू, मला तो गोल अजून दिसतो. नऊ वर्षं त्या पत्त्यावर राहिले. तो असा कुणीतरी काळजीपूर्वक, न घाईत, माझ्यासाठी पुसेल असं कधी वाटलं नव्हतं.

पुढचं तुम्ही भराभर सांगितलंत, कारण मागे रांग होती. न्यू जर्सीच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय, घरातल्या हिंसाचारामुळे नोकरी सोडावी लागली किंवा त्यापायी कामावरून काढलं, तर भत्ता नाकारता येत नाही. मालकाच्या बेकारी विम्याच्या खात्यावरही त्याचा बोजा पडत नाही, म्हणजे ऑफिसातल्या त्या बाईंना 'वैयक्तिक' लिहून काही वाचवायचं नव्हतं. मी म्हटलं, माझ्याकडे पोलिसांचा कागद नाही, मी कधी पोलिसांना बोलावलंच नाही. तुम्ही म्हणालात, कोर्टाचा आदेश, पोलिसांची नोंद, डॉक्टरांचे कागद, यातलं काही नसलं तरी तुला मदत करणाऱ्या शेल्टरमधल्या ताईंचं पत्र चालतं. देवळातल्या पुजाऱ्याचंसुद्धा चालतं. हे ऐकून मला रडू आलं. पत्र द्यायला तयार असलेली माणसं होती, आणि मी महिनाभर पुरावा नाही म्हणून गप्प बसले होते.

आणखी एक भीती मी कुजबुजत बोलून दाखवली. मला सांगितलं होतं, सरकारी पैसे घेतलेस तर पुढे कागदपत्रांत अडचण येईल. तुम्ही माझी पगाराची स्लिप माझ्याचकडे सरकवलीत आणि कपातीच्या एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलीत. "हा विमा आहे. न्यू जर्सीत कामगाराच्या पगारातूनही कापतात. तुझेच पैसे आहेत हे." ती स्लिप मी जपून ठेवली आहे.

सुनावणी फोनवर झाली, तिचं सांगत बसत नाही. निकाल माझ्या बाजूने लागला. पगाराच्या साधारण 60 टक्के, जास्तीत जास्त 26 आठवडे. दर आठवड्याला, काम शोधतेय, काम करायला तयार आहे, हे कळवायचं. मला नवं काम मिळायला एकोणीस आठवडे लागले. त्या पैशांत एका खोलीचं डिपॉझिट झालं, मुलीचे बूट झाले, आणि सगळ्यात मोठं म्हणजे परत जायचा विचार मनात आला तेव्हा 'पैसे नाहीत म्हणून' हे कारण उरलं नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीचं असं झालं नाही. ती एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आलेली, कामाची परवानगीच नाही, मग कसली नोकरी आणि कसला भत्ता. ती परत गेली. माझी बहीण सांगलीहून म्हणाली, आपल्याकडे 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने बुडालेली कमाई नवऱ्याकडून मागता येते. येते गं, पण ती मागायलाही आधी कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तोवर खायचं काय?

या सगळ्यात एक कळलं, चांगुलपणा फार आवाज करत नाही. शेल्टरच्या स्टॉपवर बस थोडी पुढे, दिव्याखाली उभी करणारा ड्रायव्हर होता. मुलीला लायब्ररीचं कार्ड देताना पत्त्याच्या रकान्याशी थबकून "नंतर भरलंत तरी चालेल" म्हणणाऱ्या एक बाई होत्या. या राज्यात 'मानवी'सारखी संस्था 1985 पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी उभी आहे, हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं, कारण आमच्या घरांतून ते नाव कुणी मोठ्याने घेत नाही. मोठ्याने बोलणारे मला सल्ले देऊन गेले. तुम्ही सगळे हळू बोलणारे होतात.

सप्टेंबरात गणपतीला गेले, मुलीने हट्ट धरला म्हणून. हॉलमध्ये शिरले आणि प्रसादाच्या टेबलामागे तुम्ही. शेजारीच त्या चहावाल्या वहिनी उभ्या. माझे पाय तिथेच थांबले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, जशा आधीच्या बाईकडे पाहिलंत तशाच, आणि माझ्या हातावर खिरापत ठेवलीत. मुलीला दोनदा दिलीत. वहिनींनी विचारलं, "ओळखता का हिला?" तुम्ही म्हणालात, "नाही हो," आणि पुढच्या माणसाकडे वळलात.

काकू, त्या दिवशी तुमच्या पाया पडायचं होतं. पडले असते तर तुमचं 'नाही हो' वाया गेलं असतं, म्हणून तशीच निघाले.

आता माझ्याकडे दोन खोल्या आहेत, गॅस आहे, कुकर आहे. डाळिंब्यांची उसळ मला बरी जमते. तुम्ही एकदा जेवायला या. माझा पत्ता तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, पण तिथून तुम्ही तो कधीच घेणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून येत्या मंगळवारी मी स्वतः येते, नंबर घेऊन रांगेत बसते आणि चिठ्ठीवर लिहून तुमच्या हातात देते.

तुमची,
मुलीची बॅग मांडीवर घेऊन बसलेली