केप टाउनला पोस्टल ऑर्डर पाठवणाऱ्या इंग्लंडच्या बाईंना

बाई, तुमचं नाव मला वाचता आलं नाही, पाकिटावर कधीतरी पाणी पडून शाई पसरलीय. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय.

गेल्या महिन्यात आई गेली. तिच्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात तुमचं 1968 चं पत्र सापडलं. आमचं मूळ गाव खेड, पण नानांचे वडील बोटीने केप टाउनला गेले ते तिकडेच राहिले. नानांना गोऱ्या सरकारने पाच वर्षं रॉबेन आयलंडवर, म्हणजे राजकीय कैद्यांच्या बेटावरच्या तुरुंगात टाकलं, घरात नानी आणि चार पोरं. ईदला पोटभर जेवून जाणारे नातेवाईक रस्ता बदलून जायला लागले, वाण्याने उधारी बंद केली. पोलीस आपल्याही दारात येतील ही भीती त्यांना होती हे कळतं मला, पण राग काही जात नाही. आणि मोठ्या लोकांचं काय, 1974 ला वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिकेला युनोतून काढायची वेळ आली तेव्हा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स तिघांनी मिळून व्हेटो मारला!

तुमची पोस्टल ऑर्डर मात्र दर दोन महिन्यांनी यायची, सोबत हवापाण्याच्या गप्पा, राजकारणाचा शब्द नाही. नानीला वाटायचं तुमच्याच खिशातून येतात. मी आता वाचलं की मागे कॅनन कॉलिन्स या पाद्रींचा लंडनचा डिफेन्स अँड एड फंड होता, राजकीय कैद्यांना आणि त्यांच्या घरच्यांना मदत करणारा, त्याच्यावर दक्षिण आफ्रिकेत 1966 पासून बंदी, आणि त्याला सगळ्यात जास्त पैसे द्यायचं स्वीडनचं सरकार. ते वकिलांमार्फत फिरत फिरत तुमच्यासारख्यांच्या घरी, आणि तिथून तुमच्या नावाने आमच्याकडे. 1991 पर्यंत असे सुमारे 10 कोटी पौंड दक्षिण आफ्रिकेत गेले म्हणतात आणि सरकारच्या हेरांना शेवटपर्यंत धागा सापडला नाही. स्वीडनच्या कुठल्यातरी ऑफिसात ज्यांनी गुपचूप सह्या केल्या त्यांचेही आभार, कुठेही फोटो नाही की पाटी नाही. आमच्याकडे रेशनची पिशवी देतानाही फोटो काढतात.

पण बाई, पैशांपेक्षा ते पाऊल. नानीने आईला शाळेचे बूट घेतले तेव्हा शेजारच्या मास्तरांकडून तुम्हाला पत्र लिहवून घेतलं, आणि पोरगी केवढी झालीय ते दिसावं म्हणून कागदावर तिचं पाऊल ठेवून पेन्सिल फिरवून दिली. तुम्ही नुसतं छान म्हणून सोडू शकला असतात, तुम्हाला तेवढंच करायला सांगितलं असणार. तुम्ही तुमच्या मुलीचं पाऊल तसंच काढून पाठवलंत, खाली लिहिलंत की दोघी सारख्याच वाढतायत. ज्या घराला गल्लीत कोणी शिवत नव्हतं त्या घरातल्या पोरीला तुम्ही स्वतःच्या मुलीशेजारी उभं केलंत. आईने बूट कधीच टाकले असतील, हा कागद मात्र लग्न होऊन इकडे येताना बरोबर आणला आणि आम्हाला कधी दाखवलाही नाही.

काल माझ्या मुलीने त्या पावलावर स्वतःचा पाय ठेवून बघितला. अंगठा थोडा बाहेर येतोय.